आण्णाप्पा हावळ आणि विमानांची शेपटं

बेळगावला लागून असलेल्या शहापूरच्या कोष्टी गल्लीत घरोघरी माग होते. मागावर बाप्ये बसत आणि बायका सुताच्या कांड्या भरत. आण्णाप्पा हावळाच्या घरी मात्र मागावर त्याची बायको बायाक्का बसायची, कारण आण्णाप्पा फोटोग्राफर होता आणि फोटोग्राफरनं पाय मागाच्या खड्ड्यात सोडून बसणं त्याला शोभणारं वाटत नसे. बेळगावच्या खडेबाजारात एका कापडदुकानाच्या माडीवर त्याचा स्टुडिओ होता. मागं रंगवलेला पडदा, त्यावर तळं, तळ्यात हंस, आणि हंसांच्या पुढ्यात एक वेताची खुर्ची. नवरानवरीचे फोटो तो झकास काढी. "श्वास धरा, हलू नका," असं तो बजावायचा तेव्हा माणसं अशी थिजत की फोटो झाल्यावरही काही जण तसेच बसून राहत. निपाणीचे तंबाखूवाले मोटार करून त्याच्याकडे येत. याच कामात राहिला असता तर चार माणसांसारखा सुखानं जगला असता, आणि मला हे लिहायची वेळ आली नसती.

पण एकोणीसशे तीसच्या सुमाराला एक गोरा वैमानिक लष्करी कँपाच्या मैदानावर विमान घेऊन उतरला. तिकीट काढलं की तो माणसाला वर नेऊन बेळगाव दाखवून आणी. सगळं गाव मैदानावर लोटलं. आण्णाप्पानं कॅमेऱ्याचं तिकाटणं रोवलं, काळं फडकं डोक्यावर घेतलं आणि सवयीनं विमानाला सांगितलं, "हलू नका." विमान हललं. स्टुडिओत येऊन त्यानं फोटोची काच धुतली, तर तिच्यावर धूळ होती, धुळीत कुणाची तरी उडालेली टोपी होती, आणि काठाला विमानाचं शेपूट होतं.

दुसरा कुणी असता तर काच फेकून देऊन पुन्हा शेठजींचे फोटो काढायला लागला असता. आण्णाप्पानं तो शेपटाचा फोटो मोठा करून दुकानाच्या पायरीशी टांगला. येणारे-जाणारे विचारत, "आण्णा, हा खराटा कुणाचा?" तो म्हणे, "अडाण्यांनो, इमान हाय ते."

त्या दिवसापासून त्याला विमानाचं वेड लागलं. लग्नसराई संपली की तो ट्रंक भरायचा. त्यानं एक साहेबी सोला टोपी घेतली. ती धोतरावर कशी दिसते हे गल्लीत सगळ्यांना दिसत होतं, त्याला सोडून. पहिल्यांदा कोल्हापूरला गेला, मग पुण्याला, मग मुंबईला जुहूच्या मैदानावर. परत आला की न्हाव्याकडे दाढीला बसून पाऊण गल्लीला ऐकवायचा, "पंखा फिराय लागला की पोटात असं काय तरी हुतंय बगा."

खरी अडचण त्या पोटातच होती. नवरीपुढं दगडासारखा स्थिर राहणारा हा माणूस विमान दिसलं की लटपटायचा. कॅमेऱ्याचं झाकण काढायचं ते लवकर काढी किंवा उशिरा. जुहूला त्यानं अख्खा दिवस उन्हात काढला आणि फोटोत आली ती एका साहेबाची पाठ. साहेबाच्या दोन्ही खांद्यांतून एकेक पंख निघालेला. गल्लीतल्या एका म्हातारीनं त्या फोटोला हात जोडले.

कराचीला निघाला तेव्हा बायाक्का मागावरूनच म्हणाली, "आता कुठं?"

"कराचीला."

"काय हाय तितं?"

"इमानं."

"अवो, ती उडत्यात न्हवं? मग येतील की कवातरी हिकडं. तुमी कशाला जाताय?"

"तुला काय कळतंय गं!" आण्णाप्पा म्हणाला आणि आगबोटीनं कराचीला गेला. तिथं त्या काळी एक अवाढव्य काळी शेड उभी होती. विलायतेहून येणाऱ्या, फुग्यासारख्या हवाई जहाजासाठी ती बांधली होती आणि ते जहाज वाटेतच फ्रान्सात जळून गेलं होतं. आण्णाप्पानं त्या रिकाम्या शेडचे इतके फोटो काढले की विमानासाठी काचच उरली नाही. परत आल्यावर तो शेडच्या फोटोवर बोट ठेवून सांगे, "हितं येणार हुतं." लोक माना डोलावत. न आलेल्या गोष्टीचा फोटो सगळ्यांना पटला, कारण त्यात शेपूट शोधावं लागत नव्हतं.

मग आलं कोलंबो. परदेश! खरं म्हणजे शहापूर तेव्हा सांगली संस्थानात आणि खडेबाजार इंग्रजांच्या मुलखात, त्यामुळे आण्णाप्पा रोज सकाळी दुकान उघडायला एक राज्य ओलांडून जाई. पण समुद्र ओलांडायची ऐट वेगळी. जायच्या आधी त्यानं स्वतःचाच फोटो काढून घेतला, हंसांच्या पडद्यापुढं, सोला टोपीत. रेल्वेनं मजल-दरमजल करत समुद्रकाठच्या मंडपमपर्यंत पोचला, आणि तिथं त्याला खाली उतरवून घेतलं. तिकीट तिसऱ्या वर्गाचं, पायात वहाणा, तोंडात मराठी. चहाच्या मळ्यांवर निघालेल्या मजुरांबरोबर त्यालाही रोगराईच्या तपासणीसाठी छावणीत ठेवलं. रोज रांगेत उभं राहायचं, जीभ दाखवायची, पत्र्याच्या ताटात भात घ्यायचा. सोला टोपी घालून तो रांगेत उभा राहिला तेव्हा डॉक्टरनं आधी टोपी काढायला लावली आणि मग उवा बघितल्या. हे सगळं आम्हाला पुढं कितीतरी वर्षांनी त्याच्याबरोबर छावणीत असलेल्या एका धारवाडच्या माणसाकडून कळलं. आण्णाप्पा आम्हाला सांगायचा ते असं, "सरकारनं ठेवून घेतलं. सोडनातच. डाक्टर सुदिक दिमतीला."

कोलंबोजवळच्या रत्मलानाच्या मैदानावर तो पोचला तेव्हा टपालाचं विमान उभंही होतं आणि मधे कुणी आडवंही आलं नव्हतं. आण्णाप्पानं काळं फडकं डोक्यावर घेतलं. एवढ्यात पाऊस आला आणि एका तमिळ गृहस्थानं नेमकी पुढ्यात येऊन छत्री उघडली. बेळगावात तो फोटो पाहून कापडदुकानदार म्हणाला, "छत्री चांगली आलीय."

एवढं झाल्यावर शहाणा माणूस थांबला असता. आण्णाप्पानं विमानांवर व्याख्यानं द्यायला सुरुवात केली.

मग लढाई आली आणि बेचाळीस साली सरकारनं सांबऱ्याला विमानतळ बांधायला घेतला. सांबरा म्हणजे बेळगावपासून सायकलचा रस्ता. लोकांची काळी कसदार शिवारं सपाट झाली, रोलर फिरले, आणि एके दिवशी खरंच शहापूरच्या कौलांवरून विमान घोंगावत गेलं. बायाक्का मागावरून उठली नाही. नुसतं वर बघून म्हणाली, "आलं बगा."

आण्णाप्पानं कोट घातला, रुमाल बांधला आणि कॅमेरा घेऊन सांबऱ्याच्या फाटकावर हजर झाला. आपण कोण आहोत ते त्यानं पहारेकऱ्याला समजावून सांगितलं, जुहूपासून कोलंबोपर्यंत. पहारेकरी पंजाबी होता. त्यानं एक पाटी दाखवली. फोटो काढण्याला सक्त मनाई.

"ती दुसऱ्यास्नी," आण्णाप्पा म्हणाला.

पहारेकऱ्यानं बंदूक थोडी आडवी धरली तेव्हा त्याला कळलं की ती त्यालाही आहे. ज्या माणसानं विमानासाठी जीभ दाखवली, उवा दाखवल्या, त्याच्या दारात विमानं आली होती आणि त्यालाच बघू देत नव्हते. घरी येऊन तो दोन दिवस जेवला नाही. बायाक्कानं त्याचं ताट झाकून ठेवलं आणि माग सुरू केला.

त्या वर्षी दिवाळीनंतर सांबऱ्याच्या बाजूला जोंधळा माणसाच्या वर गेला होता. आण्णाप्पा सकाळी सकाळी सायकलवरून गेला, रवळू नावाच्या शेतकऱ्याच्या जोंधळ्यात शिरला, तारेच्या कुंपणाशी तिकाटणं रोवून त्यानं काळं फडकं अंगावर ओढलं. रवळू पाखरं राखायला आला, तर जोंधळ्याच्या ताटांच्या मधे पाच पायांचं काळं जनावर वाकून उभं. खानापूरच्या रानातून एखादं अस्वल कधीमधी चुकून येतं हे त्याला ऐकून माहीत होतं. त्यानं गोफण टाकली आणि बोंब ठोकली, "अस्वल! धावा रं, अस्वल!"

बोंब ऐकून कुंपणाच्या आतले दोन शिपाई बंदुका रोखून आले. एकानं चाप ओढलाच असता, पण अस्वल फडक्यातून ओरडलं, "हलू नका!"

गोळी सुटली नाही ती हुकमामुळं नव्हे, शिपायाला मराठी येतच नव्हतं; अस्वल बोलतंय याचाच त्याला धक्का बसला होता. आण्णाप्पाला मात्र नंतर कुणी विचारलं की तो सांगे, "हुकूम दिला की मिल्ट्रीवाला बी थांबतोय."

त्याला कॅमेऱ्यासकट आणि आतल्या नुकत्याच टिपलेल्या काचेसकट पोलिसांच्या ताब्यात दिलं. हवालदार कानडी होता. "नडी, नडी," म्हणजे चल, चल, करत त्यानं आण्णाप्पाला खडेबाजारातून चालवत नेलं आणि स्टुडिओची झडती घेतली. घर संस्थानात असल्यामुळे सुटलं, पण काचा सगळ्या स्टुडिओतच होत्या. कोल्हापूर, जुहू, कराची, कोलंबो, सगळं पेट्यांत भरून गेलं. त्या दिवसांत चलेजावची धामधूम चालू होती, तारा तुटत होत्या, आणि विमानांच्या फोटोंनी भरलेली खोली सापडली म्हटल्यावर वरचे साहेब खुर्चीत ताठ बसले. जपानला फोटो पाठवणारा हेर बेळगावात सापडला, असं बाजारात झालं. ज्यांनी त्याला खराट्यावरून चिडवलं होतं ते आता त्याच्या दुकानासमोरून जाताना पलीकडच्या बाजूनं जाऊ लागले.

बायाक्का वकिलाकडे गेली. अप्पासाहेब वकील त्या काळी सरकारदरबारी वजन असलेला माणूस. लढाईच्या फंडाला वर्गणी गोळा करणाऱ्या कमिटीत होता. "बाई, काही काळजी करू नका," तो म्हणाला. "फोटो मी बघितलेत. हा माणूस हेर असता तर जपान केव्हाच हरला असता."

कोर्टात अप्पासाहेबानं तेच मांडलं. मॅजिस्ट्रेटपुढं एकेक फोटो धरला. "हे पाहा, साहेब. यात शेपूट आहे, विमान नाही. यात एका गृहस्थांची पाठ आहे. या शेडमध्ये काहीच नाही. आणि ही छत्री. माझ्या अशिलानं आयुष्यात एकही विमान धड टिपलेलं नाही. सांबऱ्याची काचही तसलीच. शत्रूला हे फोटो दिले तर शत्रूची दिशाभूल होईल, म्हणजे हे एक प्रकारे सरकारचंच काम झालं."

कोर्ट हसलं. मॅजिस्ट्रेट हसला. लष्कराकडून आलेला गोरा अधिकारीसुद्धा मिशीत हसला आणि वही मिटू लागला. समज देऊन सोडणार हे दिसतच होतं. मागं बायाक्कानं त्याचं सामान घरी न्यायला आणलेली पिशवी काखेला मारली.

आणि आण्णाप्पा पिंजऱ्यात उभा राहिला.

"सायेब, वकील खोटं बोलतोय."

अप्पासाहेबानं त्याला हातानं बसायची खूण केली. आण्णाप्पा बसला नाही. बारा वर्षं लोक हसले ते त्यानं सोसलं होतं. पण सरकार हसलं ते त्याला लागलं.

"म्हणं धड टिपलं न्हाय! ती सांबऱ्याची काच उजेडाकडं धरा. धरा की! दोन इंजिनं दिसत्यात का न्हाय? पंख्याची पाती मोजा. मागं ती गोल टाक्यांची रांग दिसतीय न्हवं, ते पेट्रोल. सावली कुठं पडलीय बगा, म्हंजे धावपट्टी कुठनं कुठं जाती ते बी कळतंय. आणि म्हणं शत्रूची दिशाभूल! शत्रूला डोळं असतील तर समदं कळंल."

कोर्टात कुणी हसेना. गोऱ्या अधिकाऱ्यानं दुभाष्याला विचारलं, दुभाष्यानं सांगितलं. मग अधिकाऱ्यानं काच उजेडाकडं धरली आणि बराच वेळ बघितली. टाक्या होत्या. बारा वर्षांत पहिल्यांदाच आण्णाप्पाच्या फोटोकडे कुणीतरी इतकं लक्ष देऊन बघत होतं, आणि पिंजऱ्यात उभं राहून तो ते कौतुक डोळे भरून घेत होता.

त्याला सहा महिन्यांची शिक्षा झाली. अप्पासाहेबानं कागद आवरले आणि बायाक्काला म्हणाला, "मी सोडवत होतो. त्यानं ऐकलं नाही." बायाक्का म्हणाली, "माजं तरी कुटं ऐकलं आजवर?" आणि मोकळी पिशवी घेऊन घरी गेली.

हिंडलग्याचा तुरुंग त्या वेळी सत्याग्रहींनी भरलेला होता. इंग्रजांच्या विमानतळाची टेहळणी करताना पकडलेला आणि भर कोर्टात स्वतःच्या वकिलाला झिडकारून गुन्हा कबूल केलेला माणूस येतोय, ही बातमी त्याच्या आधी पोचली होती. त्याला आत सोडलं तेव्हा सगळी बराक उभी राहिली. ज्योतिबा मास्तर म्हणून उचगावचे एक शिक्षक होते, ते त्यांच्यात वडीलधारे. त्यांनी त्याला मिठी मारली.

"कुणी पाठवलं होतं तुम्हाला?" त्यांनी कानाशी विचारलं.

"कुणी न्हाय, मास्तर. मला आवड हाय."

मास्तरांचे डोळे पाणावले. "बघा," ते बाकीच्यांना म्हणाले, "नाव फोडत नाही."

अडचण पुढं सुरू झाली. सांबऱ्याला निघालेलं विमान तुरुंगावरून गेलं की सत्याग्रही तोंड फिरवून घोषणा देत आणि आण्णाप्पा अंगणात धावत जाऊन टाळ्या वाजवी. एकदा तर तो सगळ्यांदेखत म्हणाला, "काय इमान हाय! आपल्यातल्या कुणाला जमणार हाय असलं? नुसतं सूत कातून उडतंय व्हय?"

दोन तरुण त्याच्या अंगावर धावले. मास्तर मधे पडले. "अरे, वॉर्डर ऐकतोय," ते कुजबुजले. "वेड्याचं सोंग घेतोय तो. समजून घ्या." मग ते तरुण इतके शरमले की त्यांनी आपल्या वाट्याचा गूळ त्याला दिला. आण्णाप्पानं तो खाल्ला. आपण वीर झालो आहोत हे त्याच्या गावीही नव्हतं. सगळे आपल्याशी इतके चांगले का वागतात, याचं त्याला एकच कारण दिसत होतं, की शेवटी यांनाही विमानाची गोडी लागली असणार. त्यानं बराकीत व्याख्यान दिलं. मास्तरांनी त्यातून गुप्त संदेश काढायचा फार प्रयत्न केला.

सुटला त्या दिवशी फाटकावर हार होते. हलगी होती. खडेबाजारातून मिरवत आणलं, त्याच रस्त्यानं. पलीकडच्या बाजूनं जाणारे आता गळ्यात पडायला आले. स्टुडिओ जोरात चालू लागला. वीराच्या हातून लग्नाचा फोटो काढून घेणं ही फॅशन झाली. काचा सरकारनं परत दिल्या नाहीत, पण नवा कॅमेरा लोकांनी वर्गणी काढून दिला. वर्गणी काढणाऱ्यांत अप्पासाहेब वकील होता. लढाईचा निकाल दिसू लागला तसा तो हळूहळू खादी घालू लागला होता, आधी उपरणं, मग टोपी, मग अंगभर.

पंधरा ऑगस्ट सत्तेचाळीसला बेळगावात ठिकठिकाणी झेंडे लागले, आणि संध्याकाळी तुरुंग भोगलेल्यांचा सत्कार ठेवला होता. अध्यक्ष अप्पासाहेब. त्यानं स्वतः तुरुंग फक्त अशिलांना भेटायला बघितला होता. तो भाषणाला उभा राहिला आणि आवाज चढवून म्हणाला, "या वीराची बाजू मांडताना मी मॅजिस्ट्रेटला गर्जून सांगितलं, होय, या छायाचित्रांनी तुमचं साम्राज्य हादरेल!"

टाळ्या पडल्या. मागच्या खुर्चीवरून आण्णाप्पा उठला.

"न्हाय, न्हाय, वकीलसाहेब. तुमी म्हणालता, धड एक बी फोटो न्हाय. छत्री दाखवलासा तुमी."

मंडपात मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. ज्योतिबा मास्तर पहिल्या रांगेत बसले होते. पाच वर्षांनी त्यांच्या तोंडावर काहीतरी उमजल्यासारखं दिसलं, आणि मग ते न उमजल्यासारखं करून त्यांनी झेंड्याकडं बघितलं. आण्णाप्पा आता बोलायला लागलाच होता. सांबऱ्याला उतरायचं त्या विमानाची चाकं कशी पोटात जातात ते तो सांगू लागला. अप्पासाहेबानं बँडवाल्यांना खूण केली. बँडनं धून सुरू केली, सगळे उठून उभे राहिले, आणि चाकं पोटातच राहिली. सत्काराची शाल त्याच्या अंगावर घालायची राहून गेली. नंतर ती अध्यक्षांच्या अंगावर बरेच दिवस दिसे.

त्या दसऱ्यानंतर बायाक्का एके दिवशी आपण होऊन म्हणाली, "मला बी दावा की एकदा ते सांबरं." इतक्या वर्षांत तिनं असं कधी म्हटलं नव्हतं. आण्णाप्पानं टांगा केला.

गोरे निघून गेले होते. फाटकावर पंजाबी नव्हता, मष्णू नावाचा गावचाच रखवालदार खाटेवर बसून तंबाखू मळत होता. "जावा की," तो म्हणाला. "कोण इचारतंय आता?" मनाईची पाटी जागेवर होती. तिच्यावर त्यानं धोतर वाळत घातलं होतं. धावपट्टीच्या फटींतून गवत वर आलं होतं आणि त्यात म्हशी चरत होत्या. पलीकडं एक मोठं विमान टाकून दिलेलं उभं होतं. एक इंजिन काढून नेलेलं, दार उघडं, दाराला शिडी टेकवलेली.

आण्णाप्पानं कॅमेरा लावला. समोर साहेब नव्हता, पाऊस नव्हता, विमान हलणार नव्हतं. तो फडक्याखाली वाकला आणि नेम धरू लागला. बराच वेळ नेम धरत राहिला. तेवढ्यात बायाक्कानं पदर खोचला, शिडी चढली आणि ती आत गेली.

"अगं, काय करतीस?" आण्णाप्पा फडक्यातून बाहेर आला.

तिचं तोंड विमानाच्या काच फुटलेल्या खिडकीत दिसलं. "आत नुसत्या खुर्च्या हाईत की! ह्याच्यासाठी कोलंबो?" मग ती म्हणाली, "या की वर."

"मी... उजेड बगतोय."

"उजेड हितं बी हाय. या."

आण्णाप्पा शिडीपाशी आला आणि थांबला. खालच्या पायरीवर पाय ठेवला, काढला. तेव्हा बायाक्काच्या लक्षात आलं, आणि तिनं ते हसत हसत सगळ्या गल्लीला नंतर सांगितलं, की कोल्हापूर, जुहू, कराची आणि समुद्रापलीकडचं कोलंबो करून आलेल्या या माणसानं जन्मात कधी विमानात पाऊल ठेवलं नव्हतं. तिकीट परवडत नव्हतं असं नाही. छाती होत नव्हती.

ती खाली उतरली नाही. तिनं खिडकीतून हात बाहेर काढला आणि म्हणाली, "पडत न्हाय वो ते. जमिनीवर हाय."

तो चढला. तिच्या मागच्या खुर्चीवर बसला, पुढची खुर्ची दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि डोळे मिटले. बाहेर म्हशींच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या. थोड्या वेळानं त्यानं डोळे न उघडताच विचारलं, "उतरूया आता?"

"बसा वो जरा," बायाक्का म्हणाली. तिनं पाय पसरले आणि खिडकीतून सांबऱ्याचं शिवार बघत ती निवांत बसून राहिली.